नुरा कुस्तीतला खरा माणूस

अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात अमेरिकी मल्ल मिक फोली यांचे १९९९ साली प्रसिद्ध झालेले 'हॅव अ नाइस डे!' हे आत्मकथन हाती लागले, तेव्हा लाल मातीतल्या कुस्त्या पाहत वाढलेल्या मला, निकाल आधीच ठरलेल्या खेळावरचे एवढे जाडजूड पुस्तक वाचायचे कशाला, असेच वाटले होते. आपल्याकडे अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणतात, आणि त्या शब्दातला तुच्छतेचा सूर लपत नाही.

फोली यांनी मात्र शब्दांकनकाराची मदत न घेता हे सगळे स्वतः हाताने लिहून काढले, आणि त्याचा मोकळेपणा पानोपानी जाणवतो. शिकाऊ काळात आखाड्यापर्यंत तासन्‌तास गाडी हाकत जाऊन रात्री त्याच गाडीत झोपणारा हा तरुण कुस्तीचे कोणतेही ज्ञान नसलेल्या वाचकालाही आपला वाटतो. १९९४ साली म्युनिकमधल्या लढतीत मान दोरांत अडकून त्यांचा उजवा कान तुटला. निकाल ठरलेला होता, कान तुटणे ठरलेले नव्हते. आणि हा प्रसंग ते स्वतःचीच थट्टा करत सांगतात, हे मला विशेष वाटले.

मधल्या भागात मल्लांच्या नावांची गर्दी कंटाळा आणते. ती पाने मी सरळ चाळली. माझ्या प्रतीची शिवण उसवलेली होती, तरीही शेजारच्या कुस्तीद्वेष्ट्या काकूंनी ती मागून नेली असून अजून परत केलेली नाही.