कॉम्प्युटरला जाळीचं कॅबिनेट की काचेचं?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात दोन्ही शेजारी ठेवली की नजर काचेच्या कॅबिनेटवरच जाणार. आत रंग बदलणारे पंखे, पुढून-बाजूनं काच. दिसायला नाद खुळा! जाळीचं त्यापुढं अगदीच साधं वाटतं. तरी घ्यायचं झालं तर मी जाळीचंच घ्या म्हणेन.

मुद्दा हवेचा आहे. पुढं सलग काच असली की पुढच्या पंख्यांना कडेच्या फटीतून मिळेल तेवढीच हवा. गेम-व्हिडिओसाठीचं, भरपूर तापणारं ग्राफिक्स कार्ड असेल तर एप्रिल-मेमध्ये याचा हिसका बसतो. काचेच्या काही मॉडेलमध्ये बाजूनं आणि तळातून हवा घ्यायची सोय असते, ती चालतात. पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलना पंखे वेगळे घ्यावे लागतात, तेव्हा तो खर्च धरूनच भाव करा. ग्राफिक्स कार्ड नाही, नुसतं टायपिंग आणि टॅलीचं काम आहे, तर खुशाल काचेचं घ्या.

जाळीतून धूळ जाते, हे खरंच. उसाचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याजवळच्या घरांच्या गच्चीवर काळी राख पडते. ती कॅबिनेटला थोडीच सोडणार? म्हणून पुढची जाळी हातानं निघते का, पॉवर सप्लायखालचा फिल्टर बाहेर सरकतो का, हे दुकानातच करून बघा. फिल्टरसाठी अख्खं कॅबिनेट आडवं करावं लागत असेल, तर तो साफ व्हायचाच नाही.

खोकं उघडल्यावर स्क्रूची पुडी दिसली नाही तर लगेच दुकानदाराला फोन लावू नका. बऱ्याचदा ती हार्ड डिस्कच्या कप्प्यात बांधलेली असते. बाजूची काच काढली की पुठ्ठ्यावर आडवी ठेवा. टफन काचेचा कोपरा फरशीला टेकला, की क्षणात चुरा.

वायरींमध्ये एक गोष्ट जपा. रंगीत पंख्यांची तीन पिनांची लाइटची वायर 5 व्होल्टची, चार पिनांची 12 व्होल्टची. 5 व्होल्टची वायर 12 व्होल्टला जोडली तर लाइट जळतात. स्वस्त कॅबिनेटमधले पंखे कधी थेट पॉवर सप्लायला जोडायचे असतात. मग त्यांचा वेग मदरबोर्डवरून (सगळे भाग जोडायच्या मुख्य बोर्डावरून) कमी होत नाही, घरघर सुरूच.

आणि पुढच्या टाइप-सी पोर्टचे जादा पैसे देण्याआधी आपल्या मदरबोर्डवर त्याची जोडणी आहे का बघा. नसेल तर ते नुसतं भोक.