एअर रायफल ट्यूनिंग: काम झकास, वेळेची बोंब

पोरीच्या प्रॅक्टिससाठी जुनी .१७७ (४.५ मिमी छर्‍याची) स्प्रिंग रायफल पेठेतल्या एका काकांकडे पॉवर कमी करायला दिली होती, धक्का फार बसायचा. बरेच जण नुसती स्प्रिंग कापून देतात, काकांनी मऊ स्प्रिंग टाकली, पिस्टनचं सील बदललं आणि ग्रीस अगदी पुसट लावलं, कारण जास्त झालं की ते आत पेटतं नि स्पीड वरखाली होतो. क्रोनोग्राफवर (छर्‍याचा स्पीड मोजायचं यंत्र) समोरच ओळीने शॉट मारून दाखवले, सगळे १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, फरक दोन-तीनचाच! ०.५३ ग्रॅमच्या छर्‍याला म्हणजे साधारण साडेसात ज्यूल, दहा मीटरवर कागदी टार्गेटला बास झालं. फक्त "शनिवारी या" म्हणतात, कुठल्या ते विचारायचं नाही. आणि छर्रे आपलेच न्या, ब्रँड बदलला की आकडे बदलतात.