मेडिकलचे निवासी डॉक्टर: आमच्या अकरा दिवसांचा अनुभव

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला आपण सगळे नुसतं 'मेडिकल' म्हणतो. इथे मी लिहिते आहे ते फक्त तिथल्या निवासी डॉक्टरांबद्दल, म्हणजे शिकता शिकता रात्रंदिवस वॉर्ड सांभाळणाऱ्या मुलामुलींबद्दल. पाचपैकी पाच तारे दिले आहेत. का दिले ते सविस्तर सांगते, कारण 'छान सेवा, धन्यवाद' एवढं लिहून माझं समाधान होणार नाही.

मी उमरेड तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मुलांची वजनं, लसी, आहार, सगळं रोजच्या रोज टिपायची सवय, त्यामुळे दवाखान्यातही पिशवीत वही होती. खालचं सगळं त्या वहीवरून.

पोळ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. उकाडा फार, म्हणून हे ओसरीत खाली गोधडी टाकून झोपले होते. पहाटे तीनला उठले ते पोट धरून. दोन उलट्या झाल्या. पुतण्याच्या मोटरसायकलवर बसवून तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे पित्त म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. कुठे झोपला होता, काही चावलं का, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. सहा वाजता चहा द्यायला गेले तर यांच्या पापण्या अर्ध्यावर आलेल्या आणि आवाज नाकातून. "मले दोन दोन दिसून रायले," म्हणाले. मग मात्र सरळ सरकारी रुग्णालयात. तिथल्या डॉक्टरांनी पापण्या पाहिल्या, एका श्वासात आकडे म्हणायला लावले. हे बारावर थांबले. "मण्यार असेल," एवढं बोलून त्यांनी सापाच्या विषावरच्या औषधाच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू केल्या आणि १०८ बोलावली.

अंगावर खूण कुठेच नव्हती. पुढे मेडिकलमध्ये कळलं की मण्यारीचं असंच असतं. रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सुजत नाही, कधी कधी दाताची खूणही दिसत नाही. नुसतं पोट दुखतं. मग विष नसांना आणि स्नायूंना जोडणाऱ्या जागी बसतं आणि माणूस वरून खाली लुळा पडत जातो. आधी पापण्या, मग गिळणं, मग मान, मग श्वास.

नागपुरात शिरताना लागणाऱ्या दिघोरी नाक्यापर्यंत हे स्वतः श्वास घेत होते. सक्करदऱ्याला गाडीतल्या डॉक्टरांनी तोंडावर मास्क धरून फुगा दाबायला घेतला. मेडिकलच्या अपघात विभागात स्ट्रेचर आत गेलं तेव्हा समोर आली ती एक बारीकशी मुलगी, पायात साध्या चपला, केसांचा अंबाडा, गळ्यात स्टेथोस्कोप. मनात आलं, अरे देवा, मोठा डॉक्टर कुठे आहे? ती लातूरकडची, एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाची. या मुलांना जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचे ज्युनिअर रेसिडेंट म्हणतात. पुढच्या वर्षी जेआर टू, मग जेआर थ्री. तिच्या मागे जेआर थ्री होते, नांदेडचे. तिने घशात नळी घातली, ते शेजारी उभे राहून हळू आवाजात सांगत होते, "घाई नको. दिसतंय का? आता पुढे." नळी गेली. छाती दोन्ही बाजूंनी वर आली का ते तिने स्टेथोस्कोपने तपासलं आणि मगच मान वर केली.

त्यानंतरचा एक तास माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिने काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि टेबलावर उभं करून ठेवलं. वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी तिरकी करून रक्त गोठलं का पाहायचं. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठत नाही. वॉर्डात इतकी धावपळ, पण तिने पंधराव्या मिनिटाला नळी उचलली नाही. रक्त गोठलेलं होतं. पापण्या, मान, श्वास तसेच होते, म्हणून आणखी दहा कुप्या द्यायचं ठरलं. हे औषध घोड्याच्या रक्तातून तयार होतं, मुंबईची हाफकिन संस्थाही ते बनवते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालतं, पण कुणाकुणाला त्याची जोरदार ॲलर्जी येऊ शकते. म्हणून ती ॲड्रेनॅलिनची सिरिंज भरून हातात धरून पलंगापाशी बसली. एका हाताने नाडी, डोळे यांच्या अंगावर, पुरळ उठतं का ते बघत. तासभर. वहीत मी लिहिलं आहे: एकूण २० कुप्या, एकाही कुपीचे पैसे लागले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पोळा होता. हे व्हेंटिलेटरवर, बोट हलत नाही, बाहुल्या मोठ्या झालेल्या, टॉर्च मारला तरी तशाच. दीर म्हणाले, "वहिनी, आता काई रायलं नाई." मीही मनातून खचले होते. तेवढ्यात लातूरच्या मॅडम राऊंडला आल्या. त्यांनी मला हात धरून पलंगाच्या डोक्याशी नेलं. यांचे डोळे सुकू नयेत म्हणून मलम लावून चिकटपट्टीने मिटलेले होते. त्यांनी एका डोळ्याची पट्टी हलकेच काढली आणि आपल्या बोटाने पापणी वर उचलून धरली. "काका, काकू आल्यात. समोर बघा." मग मला म्हणाल्या, "काकू, त्यांना सगळं ऐकू येतंय, सगळं कळतंय. फक्त स्नायू चालत नाहीत. तुम्ही बोला."

काय बोलू? मी म्हटलं, "बैलांना सजवलं, दाराशी पूजा केली. तुम्ही काळजी करू नका म्हणाली आई." त्या म्हणाल्या, "काका, ऐकलं असेल तर पायाचा अंगठा हलवा." चादरीखाली उजव्या पायाचा अंगठा हलला. गव्हाच्या दाण्याएवढा, पण हलला. दिरांनी तिथेच भिंतीला टेकून डोळे पुसले.

तेव्हापासून त्या रोज सकाळी यांच्या कानाशी वार, तारीख, वेळ सांगायच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "काका, आज तुमच्या नागपुरात मारबत निघालीय. मी लातूरची, मी कधी पाहिली नाही. बरे झालात की सांगा मला काय असतं ते." मारबत म्हणजे इडा पिडा घेऊन जावी म्हणून मिरवत नेतात तो पुतळा. घरी आल्यावर यांनी मला मॅडमचे हे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत, तेवळंच मनातल्या मनात म्हनत होतो," म्हणाले. इंजेक्शन देताना सांगणं, नळीतली थुंकी ओढताना 'आता खोकला येईल, घाबरू नका' म्हणणं, कूस बदलताना नाव घेऊन बोलणं, हे सगळं यांना आठवतं. त्या सहा दिवसांत एकदाही कुणा डॉक्टरने मेलेलं समजून आपल्यासमोर बोलणं केलं नाही, हे ते गावात सगळ्यांना सांगतात.

श्वास परत द्यायचं काम वरिष्ठ निवासी डॉक्टरांनी केलं. त्यांचं एमडी झालेलं होतं आणि अतिदक्षतेचं पुढचं शिक्षण घ्यायचं मनात होतं. रोज थोडा वेळ यंत्राचा जोर कमी करायचे, घामाकडे आणि छातीकडे बघायचे, दमले की परत वाढवायचे. सहाव्या दिवशी उशीवरून मान उचलून पाच सेकंद धरायला सांगितलं. दोन वेळा जमलं नाही, तिसऱ्या वेळी जमलं. नळी निघाली. मग पुन्हा आकडे मोजणं. वहीत ओळीने आहे: पहिल्या दिवशी ९, दुसऱ्या दिवशी १७, मग ३१. अकराव्या दिवशी घरी.

आता त्या मुलांच्या यशाबद्दल, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

तपासणीला आम्ही चार वेळा गेलो. ओपीडीच्या बाहेर बसलं की निवासी डॉक्टरांच्या गोष्टी कानावर पडतात. कुणाला विद्यापीठात पदक, कुणाचा पेपर परिषदेत पहिला, कुणाची डीएमला, म्हणजे एमडीच्या पुढच्या शिक्षणाला निवड, कुणाला फेलोशिप. पूर्वी मला वाटायचं, ही परीक्षेची यशं, रुग्णाला त्याचं काय? आता तसं वाटत नाही. लातूरच्या मॅडमनी एमडीच्या प्रबंधासाठी सर्पदंशाचाच विषय घेतला आहे. एमडी व्हायला प्रबंध लिहावाच लागतो, पण विषय घ्यायला दुसरे पुष्कळ होते. यांची माहिती घेताना त्यांनी मराठीतला संमतीचा कागद मला शब्दन् शब्द वाचून दाखवला. नाव येणार नाही, फोटो येणार नाही, नाही म्हटलंत तरी उपचारात फरक पडणार नाही. हे म्हणाले, "लिहा ना मॅडम, आमच्या गावातल्या दुसऱ्याले कामी पडन." काही महिन्यांनी त्यांच्या पोस्टरला, म्हणजे अभ्यास मांडणाऱ्या तक्त्याला, दुसरं बक्षीस मिळालं. तेव्हा त्यांनी फोन केला आणि पहिलं वाक्य होतं, "काकू, काकांना सांगा." घरात आम्ही पेढे वाटले. माझ्या मुलीने पदवी मिळवली तेव्हा जसं वाटलं तसंच वाटलं.

आपल्या देशात सर्पदंशाने दरवर्षी अंदाजे ५८,००० माणसं जातात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा आकडा आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून केंद्राने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. तो आराखडा शेवटी पोचणार कुठे? काचेच्या नळीकडे वीस मिनिटं धीराने बघणाऱ्या मुलीपर्यंतच ना! वरिष्ठ निवासी सरांची अतिदक्षतेच्या फेलोशिपला निवड झाली, ही बातमीही मला तशीच वाटते. उद्या ते ज्या गावात जातील तिथे कुणाच्या तरी नवऱ्याची मान उशीवरून उचलली जाईल.

नांदेडच्या सरांची भेट वेगळ्याच ठिकाणी झाली. पीजीच्या, म्हणजे एमडीसारखं पदव्युत्तर शिकणाऱ्या मुलांना आता तीन महिने जिल्ह्याच्या रुग्णालयांत काम करावं लागतं, त्याला जिल्हा निवासी कार्यक्रम म्हणतात. मला वाटायचं, ही मोठ्या कॉलेजची मुलं तिथे दिवस मोजत असतील. सरांच्याच तुकडीतले दुसरे एक निवासी डॉक्टर आमच्या भागात आले होते, आणि आमच्याशी त्यांची गाठ घालून द्यायला सर स्वतः सुटीच्या दिवशी आले. दोघांनी माझ्या अंगणवाडीत चाळीसेक बायका-माणसांसमोर तासभर माहिती दिली. खाट वापरा. खाट नसेल तर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. चावलं तर पट्टा आवळू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. आणि पहाटे विनाकारण पोट दुखलं, पापण्या जड झाल्या, तर खूण दिसो न दिसो, गाडी काढा. त्या महिन्यात आमच्या गावात सात नव्या मच्छरदाण्या आल्या, माझ्या नोंदीत आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागते आणि ती सगळ्या देशाची आहे. निवासी डॉक्टरांनी सलग बारा तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम करू नये, असा केंद्राचा आदेश १९९२ चा आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली आणि तीसुद्धा मुलांना मोठी सवलत वाटते, यावरून काय ते समजा. आपण नातेवाईक एवढं तरी करू शकतो की एकाच रुग्णाबद्दल पाच जणांनी पाच वेळा विचारायचं नाही. आम्ही घरात ठरवलं होतं, विचारायचं ते फक्त मी, राऊंड झाल्यावर, वहीत लिहून ठेवलेले प्रश्न. डॉक्टरांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. आवाज चढवू नका, हात तर कधीच उगारू नका.

जाणाऱ्यांसाठी थोडं: शिधापत्रिका, आधार आणि आधीच्या दवाखान्याचे कागद सोबत ठेवा. सर्पदंश असेल तर कधी कळलं आणि किती कुप्या कुठे दिल्या, हे वेळेसह कागदावर लिहून न्या, अपघात विभागात पहिला प्रश्न तोच येतो. मेडिकल १९४७ चं, आवार अफाट आहे. २०२३ च्या डिसेंबरात अमृतमहोत्सवाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या होत्या ते हेच. नवीन माणूस आत हरवतो, म्हणून रुग्णाजवळ एक आणि धावपळीला एक, असे दोघं हवेत.

शेवटच्या तपासणीला गेलो तेव्हा लातूरच्या मॅडम जेआर टू झाल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक नवा मुलगा, पहिलाच महिना, खिशात तीन पेनं. त्यांनी यांना खुर्चीत बसवलं, पापण्या दाखवल्या, मान उचलायला लावली. मग त्या मुलाला म्हणाल्या, "समज, हे काका पहाटे तीनला पोट दुखतं म्हणून तुझ्याकडे आलेत. अंगावर काही खूण नाही. काय विचारशील?"

मुलगा थोडा थांबला. यांच्याकडे वळून म्हणाला, "काका, रात्री खाटेवर झोपला होतात की खाली?"

"खाली झोपलो होतो बाबू," हे म्हणाले. "गोधडीवर."