खुब्याचा सांधा बदलला, नाशिकमध्येच: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

डाव्या खुब्याचा सांधा बदलून नऊ महिने होत आले. मुंबई-पुण्याला गेले नाही ते बरंच झालं, कारण नंतरच्या तपासण्या आणि फिजिओथेरपी घराजवळ असली की निम्मा त्रास वाचतो.

मला एव्हीएन होता. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मिळेनासं होऊन तो चपटा झाला होता. दुखायचं मात्र जांघेत आणि गुडघ्यात, त्यामुळे कितीतरी दिवस गुडघ्याचेच एक्स-रे निघत राहिले. जांघ दुखत असेल तर खुबा तपासून घ्याच. सुरुवातीचा एव्हीएन साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्येच दिसतो.

आता सगळे विचारतात तो रोबोट, म्हणजे रोबोटच्या मदतीनं होणारं ऑपरेशन. माझं ऑपरेशन नेहमीच्या पद्धतीनं झालं. रोबोटमुळे वाटी (जिच्यात नवा गोळा फिरतो ती) हव्या त्या कोनात बसवायला मदत होते हे खरं, पण त्यामुळे सांधा जास्त वर्षं टिकतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. पैसे मोजूनमापून असतील तर ते गोळा आणि वाटी कशाची आहे यावर घालावेत. सर्जन जॉन चार्नलींनी १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये धातूचा छोटा गोळा आणि पॉलिइथिलीनची, म्हणजे एका प्लॅस्टिकची, वाटी बसवली, मूळ तत्त्व आजही तेच आहे. त्या वाटीची झीज व्हायची, आणि झिजलेल्या कणांमुळे आजूबाजूचं हाड खचून सांधा सैल व्हायचा. हल्लीच्या क्रॉसलिंक्ड (रेणू एकमेकांना जोडून घट्ट केलेल्या) पॉलिइथिलीनची झीज खूपच कमी होते. माझ्या वाटीत तेच आहे, गोळा सिरॅमिकचा, आणि सिमेंट नाही. टायटॅनियमच्या खरखरीत भागावर हाड स्वतःच धरतं. सांधा टिकतो किती? जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं की सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षं टिकतात.

मला खरा बदल जाणवला तो वेदनेच्या बाबतीत. कमरेखालचा भाग सुन्न करून ऑपरेशन, जखमेभोवती भुलीचं इंजेक्शन, रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड. त्याच संध्याकाळी वॉकर धरून उभी राहिले. माझ्या सासूबाईंच्या वेळी लोक आठवडे पडून असायचे!

घरी आल्यावरची परीक्षा वेगळी. माझा सांधा मागच्या बाजूनं उघडला होता, म्हणून तो निखळू नये यासाठी सुरुवातीला खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना मांड्यांमध्ये उशी. कमोडवर उंच सीट लावली, सोफ्यावर जाड गादी टाकली. जिन्यासाठी फिजिओताईंनी शिकवलेलं अजून तोंडपाठ आहे: "काकू, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा." गाडीत बसताना फिजिओताई सीटवर प्लॅस्टिकची पिशवी टाकायला लावत. तिच्यावर टेकायचं आणि घसरत आत वळायचं, पाय पिळवटत नाही. रिक्षा बरेच दिवस टाळली, कॉलेज रोडचे खड्डे आणि रिक्षाची ती बैठक दोन्ही नकोत.

तक्रार आहे ती रुग्णालयाबद्दल. डिस्चार्जच्या वेळी व्यायामाचा कागद दिला तो इंग्रजीत, झेरॉक्सची झेरॉक्स, चित्रं काळी पडलेली. लाखो रुपये घेता तर मराठीत एक नीट पान द्यायला काय हरकत आहे? इम्प्लांटचे स्टिकर मात्र मुलीनं मागून फाइलला लावून घेतले. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो, पुढे कधी सांधा काढायची वेळ आली तर त्याशिवाय अडतं.

आज कृषीनगरच्या ट्रॅकवर काठीशिवाय फिरते. दमले की थोडी लंगडते, कारण खुब्याच्या बाजूचे स्नायू अजून पुरते आलेले नाहीत. कुशीवर झोपून पाय उचलायचा कंटाळवाणा व्यायाम त्यासाठीच, तो सोडू नका. मांडी घालून बसत नाही. पूजा खुर्चीवर बसून करते. भारतीय संडास कायमचा बंद.

एव्हीएन पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतो. माझ्या उजव्या खुब्यातही सुरुवात दिसली आहे, सध्या त्यावर लक्ष ठेवून आहेत. तो बदलायची वेळ आली तर डॉक्टर हेच, पण फिजिओथेरपिस्ट ऑपरेशनच्या आधी ठरवेन आणि मांड्यांचे व्यायाम आत्तापासूनच सुरू केले आहेत.