मिग मशीन घेताना आधी झाकण उघडून फीडर बघा : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या मिग वेल्डिंग मशीनच्या फीडरची, म्हणजे रिळावरची वायर गनकडे ढकलणाऱ्या भागाची, प्रेशर आर्म तुटली. पंखा फिरतोय, डिस्प्लेवर आकडे नीट आहेत, ट्रिगर दाबला की गॅसची फुसफुस येते, पण वायर जागची हलत नाही. अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यापायी अख्खं मशीन सोळा दिवस पडून राहिलं. घरच्या वर्कशॉपसाठी मिग घ्यायच्या विचारात असाल तर अँपिअर, डिस्प्ले, थ्री-इन-वन (एकाच मशीनमध्ये मिग, टिग आणि काडी) हे सगळं बाजूला ठेवा, मशीनचं झाकण उघडा आणि फीडर बघा.

मशीन नेहमीचंच. सिंगल फेज इन्व्हर्टर (आर्कचा करंट इलेक्ट्रॉनिक्सने तयार करणारं), अंगावर २०० अँपिअर छापलेलं, गॅस आणि बिनगॅस दोन्ही चालणारं, ५ किलोचं रीळ बसतं, युरो कनेक्टरची (गनची केबल मशीनला जोडायचा भाग) १५ नंबरची गन, केबल ३ मीटर. वापर ऐरोलीत, बैठ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, नोव्हेंबरपासून. काम म्हणजे १६ आणि १८ गेजचे चौकोनी पाइप, ३५ बाय ५ चा अँगल, ग्रिल, मांडण्या, गेटची दुरुस्ती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हाच फीडर वेगवेगळ्या रंगांच्या आणि नावांच्या बऱ्याच मशीनमध्ये बसवलेला असतो.

विजेचं आधी उरकतो, कारण त्या २०० च्या आकड्याला भुलूनच लोक मशीन घेतात. मिगचा ढोबळ हिशोब असा की व्होल्ट म्हणजे १४ अधिक अँपिअरचा विसावा भाग. १०० अँपिअरला १९ व्होल्ट, म्हणजे आर्कला १.९ किलोवॉट. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७ धरला तर लाइनमधून १४ अँपिअर ओढले जातात. घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे बसतं. २०० अँपिअरला मात्र २४ व्होल्ट, ४.८ किलोवॉट, आणि लाइनवर ३५ अँपिअर. तिथे १६ चं सॉकेटही टिकणार नाही आणि भिंतीतली २.५ स्क्वेअर मिलिमीटरची वायरही. म्हणजे घरात तो आकडा स्टिकरपुरताच. त्याने आपलं काही अडतही नाही, २ मिलिमीटर पाइपला ९० ते १०० अँपिअर पुरतात. १३० च्या आसपास नेहमी काम असेल तर लाइनवर २० अँपिअरपर्यंत जातं. तेव्हा ४ स्क्वेअरची स्वतंत्र वायर, सी कर्व्हचा २५ किंवा ३२ चा एमसीबी आणि इंडस्ट्रियल सॉकेट करून घ्या, आणि त्याआधी महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार बघा. एक्स्टेन्शन वापरत असाल तर १.५ स्क्वेअरच्या २० मीटर वायरमध्ये १४ अँपिअरला सात व्होल्ट गळतात. ते चालवून घेता येईल, पण एक्स्टेन्शन गुंडाळलेलं ठेवून काम करू नका. आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन मऊ होतं.

ड्यूटी सायकलबद्दल, म्हणजे मशीन न थांबता किती वेळ चालतं त्याबद्दल, तक्रार नाही. मे महिन्यात पत्र्याखाली १०० अँपिअरला एकदाही ट्रिप झालं नाही.

आता फीडर.

झाकण उघडल्यावर मोटर, तिच्या दांड्यावर खाचेचा रोलर, वर दाब देणारा गुळगुळीत रोलर आणि तो धरून ठेवणारी प्रेशर आर्म दिसते. ह्या मशीनमध्ये पाटा (हे सगळं ज्यावर बसवलेलं असतं तो) आणि आर्म दोन्ही प्लॅस्टिकचे. नवं असताना हे चालतं आणि छान चालतं, म्हणूनच दुकानातल्या डेमोत काही कळत नाही. हळूहळू लायनरमध्ये, म्हणजे गनच्या केबलमधल्या वायर जाणाऱ्या नळीत, घाण साचते आणि वायर ओढायला जास्त जोर लागायला लागतो. रोलर घसरतो. वायर अडखळली की आर्क मागे सरकत टिपेपर्यंत (गनच्या टोकाचं, वायर जिच्यातून बाहेर येते ते तांब्याचं तोंड) येतो आणि वायर टिपेला चिकटते. मग माणूस साहजिकच दाबाचा स्क्रू आवळतो. प्लॅस्टिकची आर्म वाकते, वरचा रोलर एका अंगाला कलतो, वायर खाचेच्या काठावर चढते. आता रोलर वायर ढकलण्यापेक्षा तिला खरवडतो. वायरवरचा तांब्याचा मुलामा सुटून त्याची भुकटी थेट लायनरमध्ये जाते, लायनर आणखी जाम होतो, स्क्रू आणखी आवळला जातो. शेवटी आर्म पिनच्या भोकापाशी तडकते.

हे होतंय का ते ओळखायची खूण सोपी आहे. रोलरखाली पाट्यावर तांबूस, चमकणारी बारीक भुकटी दिसली की समजा दाब जास्त आहे किंवा रोलर सरळ रेषेत नाही. माझ्या मशीनमध्ये ती फेब्रुवारीपासून दिसत होती. प्रत्येक वेळी ब्रशने झाडून टाकली, कारण शोधलं नाही.

त्यात आपला पावसाळा. खाडी इथून जवळ, आणि जूनमध्ये शेडमधली हवा ओलीच असते. रीळ तीन आठवडे मशीनमध्येच राहिलं होतं. वरच्या वेढ्यांवर मिरीच्या पुडीसारखे तपकिरी ठिपके आले. हाताला जेमतेम जाणवतात, पण ५ किलोच्या ०.८ मिलिमीटरच्या रिळात साधारण १,२६५ मीटर वायर असते, आणि ती सगळी त्या ३ मीटरच्या लायनरमधून जाते. लायनर बाहेर काढून पांढऱ्या कागदावर आपटला तर चहाच्या चमचाभर काळीतांबडी पूड पडली. मिगची वायर महिनाभर हवेवर सोडायची गोष्ट नाही. काम झालं की रीळ काढा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. फ्लक्स-कोअर, म्हणजे बिनगॅस चालणाऱ्या, वायरला तर हे दुप्पट लागू आहे. तिच्यातला फ्लक्स ओल धरतो आणि झाळेत किड्याने खाल्ल्यासारखी भोकं पडतात.

सर्व्हिसचा अनुभव वाईट. पहिल्या फोनला उत्तर मिळालं की फीडर झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही. रोलर, लायनर, टिप झिजतात हे मान्य. पण आर्म म्हणजे सांगाडा, तो झिजत नाही, तुटतो. दुसऱ्या फोनला सांगितलं की आर्म सुटी मिळत नाही, अख्खं मशीन स्वतःच्या खर्चाने परराज्यातल्या गोदामात पाठवा. तिसऱ्याला, तुम्ही स्क्रू जास्त आवळलात. हे शेवटचं अर्ध खरं आहे, आणि ती चूक मी नाकारत नाही. पण दाब वाढवला की तुटेल असा भाग बनवायचा, मॅन्युअलमध्ये दाब कसा ठरवायचा ह्याबद्दल एक ओळही लिहायची नाही, आणि मग सुटा भाग ठेवायचा नाही, ह्याचा राग येतो. तीनशे-चारशे रुपयांच्या सुट्या भागासाठी माणसाने वीस किलोचं मशीन खोक्यात भरून ट्रान्सपोर्टला का द्यायचं?

शेवटी वागळे इस्टेटमधल्या वेल्डिंगच्या दुकानातून अॅल्युमिनियमच्या पाट्याचा फीडर आणला. कुणाला हेच करायचं असेल तर चार गोष्टी मोजून न्या. मोटरचा व्होल्टेज (ह्यात २४ व्होल्ट डीसी), पाट्याच्या भोकांमधलं अंतर, युरो कनेक्टर जिथे बसतो तिथला व्यास, आणि रोलरची मापं : बाहेरचा व्यास, आतलं भोक, जाडी. ह्याचा रोलर ३०-१०-१२ आहे. पाट्याची दोन भोकं जुळली, तिसरं पाडावं लागलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धातूचा पाटा मशीनच्या बॉडीला थेट टेकता कामा नये. युरो कनेक्टर त्यालाच जोडलेला असल्यामुळे ट्रिगर दाबल्यावर पाटा, रोलर आणि रिळावरची वायर सगळं जिवंत होतं. स्क्रूंभोवती इन्सुलेटिंग बुश आणि मागे बेकेलाइटची पट्टी हवीच. बसवल्यावर मल्टिमीटरने पाटा आणि बॉडी ह्यांत कंटिन्युइटी नाही ना ते बघूनच प्लग लावा.

इथे एक मत बदलतो. मार्चमध्ये ह्या मशीनच्या आर्कला मी नावं ठेवली होती. फुटतो, स्पॅटर (उडणारे वितळलेल्या धातूचे थेंब) फार, इन्व्हर्टर हलका आहे, असं चारचौघांत सांगितलं होतं. ते मागे घेतो. नव्या फीडरवर तेच मशीन, तीच वायर, तेच सेटिंग, आणि आर्कचा आवाज एकसारखा, तव्यावर काहीतरी तळतंय तसा. वायर अडखळत येत होती आणि मी व्होल्टेज बदलत बसलो होतो. पहिल्या आठ महिन्यांत अकरा टिपा जळाल्या, नव्या फीडरवर अजून एकही नाही. आतला इन्व्हर्टर खरंच चांगला आहे, आणि म्हणूनच त्याला जोडलेला तो स्वस्त फीडर जास्त खटकतो.

दाब ठरवायची पद्धत मॅन्युअलमध्ये नाही म्हणून इथे लिहितो. गन शक्य तितकी सरळ ठेवा. हातमोजे घाला, अर्थ क्लॅम्प लांब ठेवा. दाबाचा स्क्रू पूर्ण ढिला करून ट्रिगर दाबा, वायर घसरेल. लाकडी ठोकळ्यापासून ५ सेंटिमीटरवर नोझल धरा आणि वायर ठोकळ्यावर आपटू द्या. ती वाकून गोल वळेपर्यंत पाव-पाव आटा आवळत जा. मग नोझल २ सेंटिमीटरवर आणा. आता रोलर घसरला पाहिजे. इथेही घसरत नसेल तर दाब जास्त आहे, आणि टिप अडली की वायर बाहेर यायच्या ऐवजी रोलर आणि गाइडच्या मधल्या फटीतून निघून गुंता करेल. ती फट जितकी कमी तितकं चांगलं, मशीन घेताना हेही बघा. रिळाचा ब्रेक इतकाच ठेवा की ट्रिगर सोडल्यावर रीळ पुढे फिरत राहणार नाही. ब्रेक जास्त आवळणं म्हणजे त्याच बिचाऱ्या आर्मवर आणखी ओझं.

रोलर बदलायला विसरू नका. सॉलिड वायरला व्ही खाच, फ्लक्स-कोअरला दातेरी खाच. फ्लक्स-कोअर म्हणजे आतून पोकळ नळी, तिच्यावर व्ही खाचेचा दाब वाढवला की ती चपटी होऊन टिपेत अडकते. दातेरी रोलर सॉलिड वायरला लावला तर तो तिला कानशीसारखा ओरखडतो. खोक्यात फक्त व्ही रोलर मिळाला आणि वर बिनगॅस वायरचं १ किलोचं रीळ फुकट दिलं होतं.

बिनगॅस की गॅस ह्यावरही मत बदललं. सुरुवातीला वाटलं होतं की सिलिंडरचं झेंगट कशाला. पण ई७१टी-जीएस ही बिनगॅस वायर किलोमागे सॉलिडच्या कितीतरी पट महाग पडते, धूर खूप, स्लॅग (झाळेवरचा कडक थर) काढत बसावं लागतं, आणि १८ गेजला भोकं पडतात. शेडमध्ये आता ईआर७०एस-६ ही सॉलिड वायर, ०.८ ची, आणि आर्गॉन ८० सीओटू २० चा मिक्स गॅस. १६ गेजला साधारण १७ व्होल्ट आणि मिनिटाला ४ मीटर वायर, टिपेबाहेर ८ ते १० मिलिमीटर. १०० अँपिअरला मिनिटाला ५ मीटर, म्हणजे २० ग्रॅम वायर, म्हणजे एक किलोला ५० मिनिटं आर्क. १० लिटर फ्लोने त्यात ५०० लिटर गॅस जातो. १० लिटर पाणीक्षमतेचा सिलिंडर १५० बारला भरला तर १,५०० लिटर, म्हणजे तीन किलो वायर. नुसता सीओटू वापरायचा तर एक किलो वायरीला जेमतेम एक किलो गॅस, खर्च कमी, झाळ खोल जाते, पण स्पॅटर जास्त आणि पातळ पाइपला त्रास. अँगलचंच काम जास्त असेल तर सीओटूच घ्या. त्याचा रेग्युलेटर वेगळा असतो आणि सलग कामात थंडीने गोठतो, हीटरवाला असेल तर बरं.

बिनगॅस वायर टाकून मात्र दिलेली नाही. गेट जागेवर जोडायचं असेल तेव्हा खाडीवरून येणारा वारा गॅस उडवून लावतो, सेकंदाला दोन मीटरचा वाराही पुरतो, आणि झाळ जाळीसारखी होते. तिथे फ्लक्स-कोअरच. फक्त आतली पोलॅरिटी बदला. गॅसच्या वायरला गन पॉझिटिव्हवर, ह्या वायरला निगेटिव्हवर. बिनगॅसचा स्पॅटर फार म्हणून तक्रार करणाऱ्या बहुतेकांची पोलॅरिटी उलटी असते. जीआय पाइप असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढा, त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.

पुन्हा हेच मशीन घेईन का? प्लॅस्टिकच्या फीडरसह नाही. दीड-दोन हजार जास्त देऊन धातूच्या पाट्याचं, १५० अँपिअरचं घेईन, ते ५० अँपिअर घरात कधी वापरलेच जात नाहीत. दुकानात जाताना बोटभर ०.८ ची वायर खिशात ठेवा. झाकण उघडायला सांगा, ती खाचेत ठेवून आर्म बंद करा, स्क्रू नेहमीसारखा आवळा आणि वरचा रोलर समोरून बघा. तो जराही कलताना दिसला तर झाकण लावून पुढचं मशीन उघडायला सांगा.