'१८६५चा फोटो' म्हणून १८,५०० घेतले, आणि त्यात विजेचे खांब होते

थळ घाटातल्या एहेगावच्या रेल्वे पुलाचे जुने फोटो आणि पोस्टकार्डं देतो म्हणून कुणी व्हॉट्सॲपवर गाठलं, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे ३७,५५० रुपये गेलेत.

'मूळ अल्ब्युमिन फोटो', म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरचा जुन्या काळचा फोटो, १८,५००. अकरा कार्डं, ६०० प्रमाणे ६,६००. कुरिअर ४५०. आणि 'त्याच घरातला अख्खा अल्बम' राखून ठेवायला १२,००० आगाऊ. आगाऊ कधीही देऊ नका.

मी नवखा नाही. वडील कसाऱ्याला बँकर इंजिनावर होते. सदतीस फुटांत एक फूट अशा चढावर गाडीला मागून रेटणारी ती इंजिनं बघतच मी वाढलो, आणि वीस वर्षं रेल्वेची कार्डं जमवतोय. म्हणून तर सांगायला लाज वाटते. पण कसारा-इगतपुरी लाइन सुरू झाली त्याच वर्षातला, १८६५चा, पुलाचा फोटो समोर आला की माझ्यासारख्याचा जीव अडकतोच.

विकणाऱ्याने पाठवलेल्या पहिल्याच फोटोत, पुलाच्या उजव्या टोकाला खांब होते. मी विचारलंही. "काका, ते तारायंत्राचे." आणि मी गप्प बसलो! तारायंत्राचा खांब रुळावर हात पसरून उभा राहत नाही, हे मला कळत नव्हतं? देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली. घाटात विजेच्या तारा आल्या त्या त्यानंतरच. साठ वर्षांची तफावत डोळ्यांसमोर होती, आणि मी त्याच रात्री पैसे पाठवले. अजून झोप लागत नाही.

पाकीट आल्यावर भिंग लावलं. सगळीकडे छपाईचे ठिपके. खऱ्या अल्ब्युमिनमध्ये ठिपके नसतात. कागद पातळ, पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो. कोपऱ्यातला पिवळा डागसुद्धा छापलेला! '१८९९'च्या कार्डाच्या मागे मजकूर आणि पत्ता वेगळे करणारी उभी रेघ. तेव्हा मागची बाजू नुसत्या पत्त्यासाठी असायची, मजकूर चित्राच्या बाजूला लिहायचे. मागच्या बाजूचा फोटो मी मागितला होता, त्याने दुसऱ्याच कार्डाचा पाठवला. व्हिडिओ कॉलवर कार्ड हातात धरून उलटायला सांगा. 'काचेत आहे, काढलं तर फाटेल' म्हणाला की तिथेच थांबा.

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा, "साहेब बंदोबस्ताला गेलेत." दुसऱ्यांदा, "फोटो मिळाला ना? मग फसवणूक कसली?" मी ठिपके दाखवायला भिंग घेऊन गेलो, तर त्यांनी हातातही घेतलं नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा. बारा हजारांच्या बदल्यात तर कागदाचा कपटाही आलेला नाही, त्यात दिवाणी काय? बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात. म्हणजे राजीखुशीने लुटून घेतलं, असंच ना? माणूस साठीचा आणि वस्तू 'जुने फोटो', की कुणी मान वर करून बघत नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरला फोन पहिल्या तासात करा. मी लाजेपायी चार दिवस घालवले. चॅट पुसू नका, पाकिटावरचा पत्ताही जपून ठेवा.

काल एका मित्राला तोच फोटो आलाय. तोच डाग, तोच कोपरा, किंमत २२,०००. मी त्याला उजवीकडचा खांब बघायला सांगितलं.