पालफोर्झिया: शेंगदाण्याच्या ॲलर्जीवरची पावडर, आमचा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि आपल्या घरात दाण्याचं कूट कशात नसतं सांगा! पालफोर्झिया म्हणजे मोजून दिलेलं शेंगदाण्याचं प्रोटीन, एफडीएने (अमेरिकेत औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये मान्य केलेलं. पहिल्या दिवशी ०.५ ते ६ मिलिग्रॅम क्लिनिकमध्ये, मग ३ मिलिग्रॅमपासून सुरू, त्याचा पहिला डोस क्लिनिकमध्येच आणि पुढे रोज घरी, आणि दर २ आठवड्यांनी वाढवायला क्लिनिकमध्ये जायचं, तिथे तासभर बसवून ठेवतात, शेवटी ३०० म्हणजे साधारण एक दाणा, तो रोज चालू ठेवायचा.

पावडर पातळ पदार्थात चालत नाही, आम्ही थंड श्रीखंडात देतो, तिला आवडतं. खरी कसरत डोसनंतरची, ३ तास धावपळ नाही, गरम पाण्याची अंघोळ नाही, ताप आला तर आधी डॉक्टरांना फोन. पोटदुखी, घशात खाज हे बऱ्याच मुलांना होतं, एपिपेन (जोरदार रिॲक्शन आली तर लगेच द्यायचं इंजेक्शन) कायम जवळ हवंच.

आणि हो, यानंतरही साबुदाण्याची खिचडी खाता येत नाही बरं का, हे फक्त चुकून पोटात गेलं तर रिॲक्शन कमी व्हावी म्हणून आहे, पण माझ्यासाठी तेवढंच लाखमोलाचं! फक्त घरी रोज संध्याकाळी कोणीतरी मोठं माणूस निवांत असेल तरच सुरू करा.